हवा कुठून जाते?

भिलाईत माणूस निवृत्त होतो, त्याचे हात होत नाहीत. शेवटच्या दिवशी गळ्यात हार घालून तो कारखान्याच्या गेटबाहेर येतो, फंडाचा हिशेब होतो, टाउनशिपमधलं क्वार्टर सोडावं लागतं, आणि मग बोरसीत एक घर उभं राहतं. पत्ता सांगताना कुणी बोरसीपुढे दुर्ग जोडतं, कुणी भिलाई. पोस्टमन दोघांनाही सांभाळून घेतो. घराला लोखंडी गेट, तेही गरजेपेक्षा दुप्पट जाड पत्र्याचं. अंगणात पेरू, गच्चीवर टाकी. गाडी ठेवायच्या जागेत मात्र गाडी नसते. तिथे एक बाक असतं, बाकाला जखडलेला वाइस असतो, भिंतीवर पाने आणि कानशी उंचीच्या क्रमाने टांगलेल्या असतात, आणि त्यांच्यासमोर बनियनवर, चष्मा कपाळावर चढवून, एक गृहस्थ उभे असतात. चहाला हाक मारली की उत्तर येतं, "दोन मिनिटं." हेच उत्तर जेवणालाही येतं.

यात त्यांचा काही दोष नाही. या गावाची घडणच तशी आहे. 1955 च्या फेब्रुवारीत पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत युनियनशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून इथे जन्मलेल्या पोराला अ-आ-इ-ई आधी कळतं की फिटर आणि टर्नर वेगळे. इथली रेल मिल 130 मीटर लांबीचा अखंड रूळ काढते आणि असे दोन जोडून 260 मीटरचा करून रेल्वेला देते. ज्या माणसाने असले रूळ हाताळले, त्याला साठाव्या वर्षी "आता देवाचं नाव घ्या" म्हटलं, तर तो घेतो. पण हातात कानस धरून घेतो.

आमच्या लाइनीतल्या अशाच एका गृहस्थांना सगळे फोरमनसाहेब म्हणतात. मूळ नागपूरकडचे. इकडे मराठी घरं कशी, असं पुण्याचे पाहुणे अजून विचारतात. त्यांना सांगावं लागतं की भोसल्यांचे भास्करपंत 1741 मध्येच रतनपूरवर चालून आले होते, आणि 1956 पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते, राजधानीसुद्धा नागपूर. एवढं ऐकून पाहुणे म्हणतात, "पण तुमची मराठी जरा हिंदी वाटते." ती वाटणारच. इथे वीज जात नाही, लाइट गोल होते.

तर या फोरमनसाहेबांनी हवाबंदूक करायला घेतली.

प्रत्येक छंदाला एक सरकारी कारण लागतं. खरं कारण सांगितलं तर घरचे परवानगी देत नाहीत. फोरमनसाहेबांचं सरकारी कारण वानरं हे होतं. हिवाळ्यात पेरू धरले की काळ्या तोंडाची टोळी येते. अर्धा पेरू खायचा आणि उरलेला अर्धा नेम धरून अंगणात मारायचा, ही त्यांची रीत. नेमबाजीत सध्या तेच पुढे होते, ही गोष्ट फोरमनसाहेबांना जास्त लागली असावी.

"मारायचं नाही बरं. नुसता धाक," त्यांनी जाहीर केलं.

"मग ताट वाजवा ना," काकू म्हणाल्या.

"ताट कोणीही वाजवेल."

"बाजारात तयार मिळते की हो," मी म्हटलं.

"तयार तर जेवणही मिळतं. म्हणून तुमच्या काकू स्वयंपाक सोडून देतील काय?"

"सोडते ना," आतून आवाज आला. "आजच सोडते."

एवढ्या चर्चेनंतर प्रकल्प मंजूर झाला, असं फोरमनसाहेबांनी गृहीत धरलं.

हवेने गोळी मारायची हौस काही आजची नाही. बार्तोलोमेओ जिरार्दोनी नावाच्या कारागिराने 1780 च्या आसपास अशी एक रायफल बनवली आणि ती चक्क ऑस्ट्रियाच्या सैन्याने वापरली. धूर नाही, ठिणगी नाही, आणि वीसेक गोळ्या लागोपाठ. 1804 मध्ये अमेरिका पालथी घालायला निघालेल्या लुइस आणि क्लार्क यांनीही तसली एक हवाबंदूक बरोबर नेली होती. वाटेत भेटणाऱ्या टोळ्यांसमोर ती उडवून दाखवायची आणि पुढे जायचं. एकच अडचण होती. दस्त्यातली टाकी पुरती भरायला हातपंपाचे सुमारे 1500 दट्टे मारावे लागत. शत्रू एवढा वेळ थांबला तर ठीक.

हे मी सांगितल्यावर फोरमनसाहेब जराही खचले नाहीत. म्हणाले, "1500 म्हणजे त्यांच्याकडे गळती होती."

आणि तिथून 'गळती' हा शब्द बोरसीत आला तो गेलाच नाही.

संध्याकाळी प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून समिती बसू लागली. भिलाईत सगळ्या प्रांतांची माणसं एका भोंग्यावर उठली-बसली, त्यामुळे समिती अखिल भारतीय होती आणि बोलणं हिंदीत चालायचं. प्रत्येकाने आयुष्य ज्या खात्यात काढलं, त्या खात्याच्या खिडकीतून तो बंदुकीकडे पाहायचा. झोतभट्टीवाले सरदारजी म्हणाले, थंड हवेत दम नसतो. भट्टीत आम्ही हवा हजार अंशांवर तापवून मग फुंकायचो. अंगणात हजार अंश कसे आणायचे, हा तपशील त्यांनी इतरांवर सोडला. रेल मिलमधल्या तेलुगू अण्णांचं मत, नळी लांब हवी. लांबीशिवाय माल सरळ आहे की नाही ते कळत नाही. किती लांब, असं विचारल्यावर त्यांनी शेजारच्या प्लॉटकडे पाहिलं. कोक ओव्हनमधले बंगाली दादा संतवृत्तीचे. दारं कितीही घट्ट लावा, धूर निघायचा तो निघतोच, असं त्यांनी उभी नोकरी पाहिलेलं. गळती मान्य करा आणि सुखाने जगा, हा त्यांचा सल्ला. लेखा विभागातले गृहस्थ तांत्रिक बाबतीत काही बोलत नसत. ते फक्त विचारत, "अब तक कितना लगा?" हा प्रश्न काकू समोर असतानाच विचारायची त्यांना खोड होती.

सगळ्यांत उत्साही होते सुरक्षा विभागातले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाटी आणून भिंतीला ठोकली: 'अपघाताविना गेलेले दिवस'. खाली खडूने आकडा. बंदूक अजून नव्हतीच, त्यामुळे आकडा रोज एकाने वाढत होता आणि ते समाधानाने घरी जात होते.

तसं पाहिलं तर हे गाव हवा दाबण्यावरच उभं आहे. झोतभट्टी म्हणजे खनिज, कोक आणि चुनखडीच्या ढिगात खालून तापलेली हवा रेटायची, की तळाशी लोखंड वितळून जमतं. इतकी वर्षं डोंगराएवढ्या यंत्रातून हवा वाहवणाऱ्या या मंडळींना पेन्सिलएवढ्या नळीतली हवा धरून ठेवता येत नव्हती. मोठ्या यंत्रात थोडी हवा गेली तर अहवालात एक ओळ जाते. छोट्या यंत्रात तेवढी गेली तर काहीच उरत नाही.

मग गळती थांबवायला रबराचा शोध सुरू झाला. पॉवर हाउस भागातल्या कबाड्यांकडून सुरू झालेला शोध सुपेल्याच्या बाजारातून फिरत स्वयंपाकघरात आला. तिथे रबर भरपूर असतं आणि राखण कमी. आधी कुकरची रिंग गेली. काकूंना हे वरण कच्चं राहिल्यावर कळलं. मग मिक्सरच्या भांड्याचा वॉशर गेला. मग शेकायची पिशवी बाकाजवळ दिसली, तेव्हा काकूंनी ती उचलून कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. त्या म्हणाल्या, "वर्षभरापासून पाण्याचा पंप गळून राहिला. त्याची गळती दिसत नाही. बंदुकीची बरोबर दिसते!"

"पंपाचं काम सोपं आहे," फोरमनसाहेब म्हणाले.

या वाक्यात बोरसीतल्या समस्त वर्कबेंचचं तत्त्वज्ञान आलं. सोपं काम कधीही करता येतं, म्हणून ते कधीच करायचं नसतं.

मधे कायद्याचाही प्रश्न निघाला. लेखावाल्यांनीच काढला, खर्चात दंड धरायचा की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीचा व्यास 0.177 इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या आत आणि छर्र्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असली, तर हवाबंदूक बाळगायला परवाना लागत नाही. 20 ज्यूल म्हणजे काय, तर किलोभर टोमॅटोची पिशवी जमिनीवरून उचलून दोन मीटरवरच्या माळ्यावर ठेवायला लागते तेवढी ऊर्जा. काकू ते काम रोज करतात आणि त्यांना कुणी परवाना विचारत नाही.

पण बाळगणं वेगळं आणि बनवणं वेगळं. शस्त्र कायदा 1959 चा. त्याचं कलम 5 विनापरवाना शस्त्र बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, एवढंच काय, त्याची चाचणी घेणं यालाही मनाई करतं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान 7 वर्षांची आहे. आपली वस्तू त्यात बसते की नाही, हा प्रश्न पोलिस स्टेशनच्या बाकावर बसून सोडवायचा नसतो. वरून वानर वन्यजीव कायद्याच्या यादीत. समिती गंभीर झाली. सुरक्षावाल्यांनी पाटीकडे पाहिलं. फोरमनसाहेब मात्र शांत होते. "अजून बंदूक कुठे आहे? अजून तर नळी आहे," ते म्हणाले. कायदेशीर दृष्ट्या हे बोरसीतलं सर्वांत मजबूत विधान होतं, आणि ते टिकवायला गळतीच कामाला येत होती.

वानरं काही ऐकत नाहीत म्हटल्यावर कारण बदलायची वेळ आली. नवं कारण देशकार्याचं निघालं. 2008 मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने 10 मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवलं, ते भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. त्याआधी आपल्या अंजली भागवत 2000 मध्ये सिडनीच्या आणि सुमा शिरूर 2004 मध्ये अथेन्सच्या अंतिम फेरीत याच प्रकारात पोचल्या होत्या. म्हणजे या खेळाला मराठी घराणं आहे. "नातवाला शिकवतो," फोरमनसाहेब म्हणाले. नातू बंगळुरूला असतो आणि त्याला बुद्धिबळाची आवड आहे. पण प्रकल्प अहवालात लाभार्थी लागतोच.

त्या खेळातली एक गोष्ट मात्र आमच्या समितीला चटका लावून गेली. 10 मीटरवरच्या त्या निशाण्यात दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा साडेचारचा, ठिपका अर्ध्याचा. 260 मीटर रूळवाल्या अण्णांनी खिशातून पेन काढून तळहातावर तेवढा ठिपका दिला आणि कितीतरी वेळ तो पाहत बसले. मडईतल्या, म्हणजे इकडच्या जत्रेतल्या, फुग्यांच्या दुकानात आयुष्यभर आपण फुगा समोर धरला आणि छर्रा शेजारच्या फळीला मारला, ही बंदुकीची चूक होती की आपली, अशी शंका त्या रात्री अनेकांना आली असणार. फुगेवाल्याची नळी वाकडी असते यावर गावोगावी एकमत आहे. हे एकमत नेम न लागलेल्यांचं आहे, एवढंच.

अखेर चाचणीचा दिवस उजाडला. समिती हेल्मेट घालून बसली. सुरक्षावाल्यांनी शिट्टी आणली होती. गेटला दोरी बांधून लाल फडकं लावलं. समोर पावडरचा रिकामा डबा. कुंपणावर एक वानर आधीच येऊन बसलेलं. फोरमनसाहेबांनी चाप ओढला.

फुस्स.

छर्रा नळीच्या तोंडाशी आला, जरा रेंगाळला आणि त्यांच्या चपलेशेजारी पडला. लेखावाल्यांनी वहीत अंतर लिहून घेतलं. सरदारजी म्हणाले, हवा थंड होती. अण्णा म्हणाले, नळी आखूड होती. दादा काही म्हणाले नाहीत, फक्त हसले. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं. तेवढ्यात वानर कुंपणावरून उतरलं, सावकाश आलं, छर्रा उचलून पाहिला, दाताखाली धरला आणि टाकून दिला. समितीत मत न देता उठून गेलेला तेवढा तोच.

मग पेरूचा हंगाम संपला. वानरं दुसऱ्या वॉर्डात गेली. प्रकल्प चालूच राहिला. इथे कुणाच्याही लक्षात आलं असतं की बंदुकीचं आणि वानरांचं काही नातं नव्हतं. काकूंच्या ते पहिल्या दिवशीच लक्षात आलं होतं.

आषाढ लागला. घराच्या मागच्या भिंतीला ओल आली म्हणून रंगारी बोलावला. तो निघाला जगदलपूरकडचा. त्याने बाकावरचं ते यंत्र खालीवर पाहिलं आणि विचारलं, "साहब, तुपकी बना रहे हो क्या? लोहे की क्यों?"

तुपकी म्हणजे बस्तरची हवाबंदूक. जगदलपूरला आषाढात गोंचा होतो, म्हणजे तिथली जगन्नाथाची रथयात्रा. राजा पुरुषोत्तमदेव पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला पुरीला गेला आणि तिथून रथाचा मान घेऊन आला, असं बस्तरमध्ये सांगतात. ही यात्रा सहाशे वर्षांची धरली जाते. रथ निघाला की देवाला सलामी द्यायची ती तुपकीची. बांबूची पोकळ नळी आणि तिच्यात बसेल अशी बांबूचीच काडी, झालं. गोळी म्हणजे मालकांगोणीचं हिरवं फळ, तिकडे त्याला पेंगू म्हणतात. एक फळ नळीच्या तोंडाशी अडकवायचं, दुसरं मागून काडीने रेटायचं. मधली हवा दबत जाते, तिला जायला जागा नसते, आणि पुढचं फळ फट्ट करून उडतं. रथयात्रेच्या गर्दीत अशा फटफटाटाचा पाऊस पडतो. लोक देवाला सलामी देता देता ओळखीच्यांच्या पाठीचा नेमही साधून घेतात. फळ लागतं, चुरचुरतं, आणि ज्याला लागलं तो हसत आपली नळी भरायला घेतो. आपल्या कोकणातली पोरंही बांबूत कोवळी फळं ठासून असेच बार काढतात.

रंगाऱ्याने दुसऱ्या दिवशी येताना एक तुपकी आणि मूठभर पेंगू आणले. बार काढला तर समोरचा पावडरचा डबा पहिल्या झटक्यात आडवा. समिती उभी राहिली. सुरक्षावाल्यांच्या हातातला खडू तसाच राहिला.

फोरमनसाहेबांनी व्हर्नियर आणला. नळी मोजली, काडी मोजली, फळं एकेक करून मोजली. दोन फळं सारखी नव्हती आणि तरी हवा गळत नव्हती. बराच वेळ विचार करून त्यांनी निष्कर्ष सांगितला. ओलं फळ नळीत रेटलं की स्वतः दबून नळीच्या मापाचं होतं. तेच बूच, तेच वॉशर आणि तीच गोळी. एक बार झाला की मागचं फळ पुढे येऊन बूच होतं, आणि त्याच्या मागे नवं फळ. म्हणजे सील झिजायचा प्रश्नच नाही. प्रत्येक बाराला नवी सील. ज्या गळतीने इतकी डोकी, एक कुकर आणि एक मिक्सर खाल्ला, ती बस्तरच्या लोकांनी रानातल्या फळाने मिटवली होती. परवाना नाही, कलम नाही, ज्यूल नाही.

आता तरी प्रकल्प संपला, असं काकूंना वाटलं. फोरमनसाहेब तुपकी उजेडात धरून म्हणाले, "उत्तम आहे. आता हीच स्टेनलेस स्टीलमध्ये करून पाहतो."

यात हसण्यासारखं खूप आहे, पण एका जागी हसू थांबतं. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पाइपाच्या घरगुती कार्बाइड बंदुकांनी शेकडो लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यात मुलं फार होती, आणि काहींची दृष्टी गेली. सोपं वाटणारं, स्वस्त, व्हिडिओत पाहून केलेलं. आमच्या समितीने हेल्मेट घातली, पाटी लावली, आणि मुख्य म्हणजे त्यांची बंदूक चालली नाही, हे आमचं भाग्य. नळीत दाब कोंडला की तो हौस पाहत नाही, वय पाहत नाही. त्याला फक्त कच्ची जागा दिसते.

म्हणून माझा निकाल असा. निवृत्त माणसाला चालणारी वस्तू नको असते, चालू असलेलं काम हवं असतं. तुमच्या घरात कुणी गृहस्थ बनियनवर उभे राहून काही कानसत असतील, तर "हे कशाला?" असं विचारू नका, त्याला उत्तर नाही, आणि नसलेलंच बरं. फक्त ती वस्तू बंदुकीच्या वळणावर जाताना दिसली की कलम 5 वाचून दाखवा, बार काढायची फारच हौस असेल तर आषाढात जगदलपूरचं तिकीट काढून द्या, आणि तोवर घरातला पाण्याचा पंप फार अवघड आहे, तो बाहेरच्या मिस्त्रीलाही जमला नाही, असं त्यांच्या कानावर घाला. दोन दिवसांत गळती थांबेल.